शेजाऱ्याला ऐकवता येईल अशी प्रार्थना

माझ्या आईची प्रार्थनेची वही माझ्या हाती आली तेव्हा तिला एका बियाण्याच्या दुकानाच्या कॅलेंडरचं पान कव्हर म्हणून घातलेलं होतं. आत नावं होती. नावं म्हणजे तरी काय, बहुतेक ठिकाणी नुसती ओळख. ‘समोरच्या मावशी, गुडघा.’ ‘दूधवाला, धाकटीचा बारावीचा निकाल.’ ‘खाणीवरचा पोरगा, रात्रपाळी, दारू.’ ‘मागच्या गल्लीतले काका, कापसाचे पैसे अडकले.’ काही ओळींपुढे तारीख घालून बरोबरची खूण केलेली, काही ओळी वर्षानुवर्षं तशाच, नव्या वहीत पुन्हा उतरवलेल्या. आणि जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी, इतरांच्या नजरेला पटकन पडणार नाही इतकं बारीक, एकच अक्षर: ‘ता’.

‘ता’ म्हणजे तारण. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. त्या वहीतलं एकही माणूस आमच्या चर्चमध्ये येणारं नव्हतं. मावशींच्या घरी गणपती बसायचा, दूधवाला पंढरीचा वारकरी, खाणीवरच्या पोराच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि काका दर सोमवारी शंकराच्या देवळात. या सगळ्यांना येशू ख्रिस्त कळावा असं आईला मनापासून वाटत होतं, आणि तिने ते लपवलं नाही. पण ओळीत आधी गुडघा आला, निकाल आला, कापसाचे पैसे आले. ‘ता’ शेवटी आलं. हा क्रम तिने कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत राहून, दारात येणाऱ्या माणसांकडे बघून तो तिला उमगला होता. पुढच्या पानांतल्या सगळ्या प्रार्थना त्या क्रमावर उभ्या आहेत, म्हणून प्रस्तावनेची सुरुवात तिथूनच करते आहे.

वणीची ख्रिस्ती वस्ती मूठभर. सभोवती कुणबी, तेली, माळी, बौद्ध, मुसलमान, गोंड, कोलाम, शिवाय कोळशाच्या खाणींमुळे देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेली माणसं. रंगनाथ स्वामींच्या जत्रेत आम्हीही फिरलो आणि पोळ्याला बैल दारात आला की त्याच्यापुढे सूप धरलं. अशा गावात ‘प्रार्थना’ हा परका शब्द नाही. तालुक्यातल्या खेड्यांमध्ये संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ती विदर्भाच्या गावागावांत रुजवली, आणि सर्व धर्मांच्या माणसांनी एकत्र बसून ती करावी असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे प्रार्थना म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उलट लोकच दारात येऊन म्हणतात, ‘बाई, माह्या पोरासाठी तुमच्या देवाले सांगा ना.’ ख्रिस्ती नसलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही, असा प्रश्न वणीतल्या ख्रिस्ती बाईला म्हणूनच पडत नाही. मागणं दारात येऊन उभं राहिलेलं असतं. प्रश्न एवढाच की डोळे मिटल्यावर आपण नेमकं काय बोलतो.

आधी एका शब्दाबद्दल बोलते, कारण त्याने आमच्या मंडळ्यांत बरंच नुकसान केलं आहे. तो शब्द ‘अविश्वासी’. मराठी प्रवचनांत ख्रिस्तावर विश्वास न ठेवणाऱ्यासाठी तो सर्रास वापरला जातो. पण बाहेरच्या मराठी माणसाच्या कानावर तो कसा पडतो? नगरपरिषदेत अविश्वास ठराव येतो, तो भरवसा उडालेल्या माणसाविरुद्ध. नोकर ‘विश्वासू’ असतो तेव्हाच त्याच्या हाती किल्ल्या देतात. अशा भाषेत शेजारणीला ‘अविश्वासी’ म्हटलं की ती भरवशाची नाही, असंच तिला ऐकू येतं. तिची विठ्ठलावर चाळीस वर्षांची श्रद्धा आहे, एकादशी तिने कधी मोडली नाही, आणि आपण तिला विश्वास नसलेली म्हणतो. या पुस्तकात तो शब्द मी कटाक्षाने टाळला आहे. ‘जे ख्रिस्ताला ओळखत नाहीत ते’ असं लांबलचक लिहावं लागलं तिथे लिहिलं. ते अचूक आहे आणि कुणाचा अपमान करत नाही.

पवित्र शास्त्राकडे वळलं तर ख्रिस्ती नसलेल्यांसाठी, किंवा देवाच्या प्रजेबाहेरच्यांसाठी केलेली प्रार्थना अगदी पहिल्या पुस्तकापासून सापडते. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोमासाठी देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? कापसाच्या भावासाठी अडून बसलेला शेतकरी ज्याने बाजार समितीत पाहिला आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. आणि सदोमची माणसं अब्राहामाची कोण होती? पुतण्या लोट सोडला तर कुणीच नाही. त्यांचा देव वेगळा, त्यांची चाल वाईट. तरी तो त्यांच्यासाठी देवासमोर उभा राहिला, आणि ते मुळात चांगले आहेत असा खोटा दाखला त्याने देवाला दिला नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरं उदाहरण यिर्मयाचं, आणि अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्यांना ते अधिक जवळचं. बाबेलला बंदी म्हणून नेलेल्या यहूद्यांना तो पत्र लिहितो: तुम्हाला जिथे नेलं त्या नगराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कुशलात तुमचं कुशल आहे. ते नगर शत्रूचं होतं, त्यातली देवळं परकी होती. त्या देवळांबद्दल यिर्मया इथे एक शब्द काढत नाही. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि या नगरासाठी मागा, एवढंच सांगतो. आम्ही वणीसाठी मागतो तेव्हा कोळशाच्या ट्रकांनी उडणारी धूळ, मे महिन्यातला पाण्याचा टँकर, बोंडअळीने खाल्लेलं शेत, हे सगळं त्यात आलंच पाहिजे. या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग गावासाठीच्या प्रार्थनांचा आहे, तो या पत्रामुळे.

योनाची गोष्ट मुलांना माशापुरती सांगितली जाते, पण खरी बोचणारी गोष्ट त्यानंतरची आहे. निनवेचे लोक वळले, देवाने त्यांना वाचवलं, आणि योना रागावून नगराबाहेर बसला. वाचायला नको होते ते! आपल्या मनातही असा एक योना असतो. तोंडाने आपण अमक्याच्या उद्धारासाठी मागतो, पण त्याचं काही बरं झालं तर आतून कुरकुरतो. ज्याच्यावर आपला राग आहे, ज्याने आपल्याला गावात चारचौघांत टोचलं आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करताना ही तपासणी मी स्वतःची नेहमी करते. येशूने वैऱ्यांवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं सांगितलं, वधस्तंभावर मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, आणि पहिला हुतात्मा स्तेफन दगडांचा मार खाताना तेच करून गेला. त्यांच्यासमोर माझी कुरकुर टिकत नाही.

एक अवघड जागा मात्र टाळून पुढे जाणं बरोबर नाही. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो की मी जगासाठी विनंती करत नाही, तू मला दिलेल्यांसाठी करतो. हे वचन हातात घेऊन काहींनी मला विचारलं आहे की बाहेरच्यांसाठी कशाला मागायचं? माझं उत्तर असं की अध्याय पूर्ण वाचा. पुढे तो शिष्यांच्या बोलण्याने जे विश्वास ठेवतील त्यांच्यासाठी मागतो, आणि जगाने विश्वास ठेवावा म्हणून शिष्यांनी एक असावं अशी विनंती करतो. म्हणजे प्रार्थना जगापर्यंत पोहोचतेच, पण आमच्या वागण्यातून. आम्ही आपसात भांडत असलो तर जगासाठीची आमची प्रार्थना कशी पोहोचणार? आमच्याच भागातल्या मंडळ्यांतली जमिनीची, खुर्चीची, पदाची भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वचन सोपं जाणार नाही.

पौल तीमथ्याला लिहितो की सर्व माणसांसाठी, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी आणि आभारप्रदर्शन करावं. हे लिहिलं गेलं तेव्हा राजा ख्रिस्ती नव्हताच, आणि ख्रिस्ती लोकांना छळणारं साम्राज्य होतं. यातल्या आभाराकडे आमचं लक्ष जात नाही. ज्याच्यासाठी मागायचं त्याच्याबद्दल आधी देवाचे आभार मानायचे. दूधवाल्यासाठी मागण्याआधी, पावसापाण्यात पहाटे दूध दारात आणून ठेवतो म्हणून त्याचे आभार. आईच्या वहीत याचीही जागा आहे. एका ओळीत फक्त एवढं: ‘मावशींनी रात्री डॉक्टर आणला. धन्यवाद.’

चर्चच्या इतिहासात या प्रार्थनेचे शब्द बदलत गेले आहेत. त्यातला एक बदल इथे सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यापाशी येऊन थांबतं. रोमन कॅथलिक परंपरेत उत्तम शुक्रवारी सगळ्या जगासाठी मोठ्या विनंत्या होतात. त्यातल्या यहूद्यांसाठीच्या विनंतीत शेकडो वर्षं त्यांच्याविषयी एक लॅटिन विशेषण होतं, ज्याचा अर्थ लोक ‘विश्वासघातकी’ असा घेत. दुसऱ्या महायुद्धात यहूद्यांचा संहार झाला, आणि १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी ते विशेषण काढायला लावलं. १९७० च्या प्रार्थनाग्रंथात ती विनंती नव्याने लिहिली गेली. त्याच ग्रंथात आजही ख्रिस्तावर श्रद्धा नसलेल्यांसाठी एक आणि देवावरच श्रद्धा नसलेल्यांसाठी एक, अशा दोन वेगळ्या विनंत्या आहेत. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात तर यहूदी, तुर्क, नास्तिक आणि पाखंडी यांना एकाच ओळीत कोंबलं होतं. मला यात एक गोष्ट दिसते. ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती ती माणसं ती ऐकतात, हे चर्चच्या फार उशिरा लक्षात आलं. आणि लक्षात आलं तेव्हा प्रार्थना बदलली.

मराठीत याची सगळ्यात जिवंत साक्ष एका बाईने लिहून ठेवली आहे, आणि तीही ज्या बाजूने कुणी लिहीत नाही त्या बाजूने. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत कवी नारायण वामन टिळकांना एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला. त्याने नवा करार त्यांच्या हाती दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत फार सांगितली जाते. पण मला टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची बाजू महत्त्वाची वाटते. नवरा ख्रिस्ती झाला, आणि त्या हिंदूच राहिल्या, दुःखात, माहेरच्या-सासरच्यांच्या आधाराने. वर्षांमागून वर्षं गेली. पुढे त्या अहमदनगरला टिळकांच्या घरी राहायला आल्या, तेव्हाही त्यांचं सोवळं, त्यांची चूल वेगळी होती, आणि टिळकांनी ते चालू दिलं.

त्या काळात टिळकांनी बायकोसाठी काय मागितलं असेल, हे त्यांच्या वागण्यावरून वाचावं लागतं. त्यांनी तिला सोडलं नाही, तिच्यावर सक्ती केली नाही, तिच्या सोवळ्याची टिंगल केली नाही. जातीबद्दलचा त्यांचा स्वतःचा विचार पक्का झाला होता, तरी तिच्या विचाराला त्यांनी तिच्या गतीने चालू दिलं. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतः स्वतःला विचारला आणि स्वतः त्याचं उत्तर काढलं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिलं, आणि टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पूर्ण केलं. ज्याच्यासाठी प्रार्थना होते त्या माणसाला त्या घरात कसं वाटलं, हे सांगणारं यापेक्षा प्रामाणिक पुस्तक मराठीत मला माहीत नाही. घरातल्या माणसासाठी प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं. वीस पानं वाचली की आपण घरात किती आवाज करतो ते कळतं.

टिळक स्वतः आयुष्याच्या शेवटी आणखी पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. ९ मे १९१९ ला ते गेले, त्यामुळे तो प्रयोग वाढला नाही. पण आत आणि बाहेर ही रेघ त्यांच्या प्रार्थनेत कशी पुसट होत गेली, ते त्यातून दिसतं.

आता आक्षेपांकडे येते. ते खरे आहेत, आणि आपल्याच भागाशी जोडलेले आहेत. १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. तेव्हा यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातच होता. १९५६ च्या अहवालात शाळा, दवाखाने आणि मदतीचा वापर धर्मांतरासाठी होतो असा ठपका होता. ख्रिस्ती लोकांनी तो नाकारला, अजूनही नाकारतात, आणि अहवालातलं बरंचसं मलाही एकतर्फी वाटतं. पण आजाऱ्याच्या खाटेजवळ उभं राहून केलेली प्रार्थना त्या आजाऱ्याला ‘हो’ म्हणायला भाग पाडू शकते, ही भीती निराधार नाही. औषध हवं असलेला माणूस ‘नको’ कसं म्हणेल? म्हणून या पुस्तकातल्या आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थना घरी, एकांतात म्हणायच्या आहेत. खाटेजवळ म्हणायची असेल तर आधी विचारायचं, आणि ‘नको’ आलं की पाण्याचा तांब्या भरून ठेवून निघायचं.

दुसरा आक्षेप गांधीजींचा. १९२८ साली त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की हिंदूने चांगला हिंदू व्हावं, मुसलमानाने चांगला मुसलमान आणि ख्रिस्त्याने चांगला ख्रिस्ती, हीच आपली खरी प्रार्थना असावी. पुढे ते आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहायला आले. मला या म्हणण्याबद्दल फार आदर आहे, आणि तरीही मी ते पूर्णपणे स्वीकारू शकत नाही. मला जे सगळ्यात मोठं वाटतं, ज्याने मला वाचवलं असं मी मानते, ते शेजारणीला मिळावं असं वाटणं मी दाबून टाकलं, तर तिच्याशी मी प्रामाणिक राहणार नाही. तिने माझ्यासाठी विठ्ठलाकडे मागितलं तर मला वाईट वाटणार नाही. तिने मागावंच. पण गांधीजींच्या म्हणण्यातला एक भाग मी जसाच्या तसा उचलला आहे. तिच्या श्रद्धेतलं जे चांगलं आहे ते वाढावं, ही विनंती करण्यात ख्रिस्ती माणसाला कसलीही अडचण नसावी. पंढरीच्या वाटेवर दूधवाल्याच्या पायाला फोड येऊ नयेत म्हणून मी मागते, आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना दिलं आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. घरात बसून मनोमन केलेल्या विनंतीला मात्र कुठलंही कलम लागू होत नाही. तिथे आपल्यावर आपलीच जबाबदारी.

ती जबाबदारी मला कशी कळली ते सांगते, कारण त्यानंतरच हे पुस्तक करायचं ठरलं. आमच्याकडे घरसभा होती. समोरच्या मावशींची सून, जिचा मुलगा तापाने फणफणला होता, ती स्वतःहून येऊन मागे बसली. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी प्रार्थनेत तिच्यासाठी मोठ्याने मागितलं. ती अंधारात आहे, सैतानाच्या बंधनात आहे, मूर्तींपासून तिला सोडव, असं सगळं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना ती भाषा तशीच शिकवलेली होती. मी डोळे मिटून ‘आमेन’ म्हटलं. प्रार्थना संपली तेव्हा ती उठून गेलेली होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. तिने चहा दिला, मुलाचा ताप उतरल्याचं सांगितलं, आणि मग हळूच म्हणाली, ‘बाई, माह्या घरी रोज तुळशीपाशी दिवा लागते. मी अंधारात कशी?’

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. ती पुन्हा घरसभेला आली नाही, पण रस्त्यात भेटली की बोलते, आणि मुलाची परीक्षा असली की निरोप पाठवते. त्या दिवशी मी ‘आमेन’ म्हटलं, ही माझी चूक होती. उपदेशक निघून गेले. शेजारी मी राहते. तेव्हापासून एक नियम मी स्वतःला लावून घेतला: ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला ती बसवून ऐकवता आली पाहिजे. ऐकताना तो लाजला, दुखावला किंवा घाबरला तर ती प्रार्थना देवापाशी नेण्याआधी मला पुन्हा लिहायला हवी. या पुस्तकातली प्रत्येक प्रार्थना मी वणीतल्या ख्रिस्ती नसलेल्या माणसांना वाचून दाखवली आहे. काहींनी शब्द सुचवले. एका आजोबांनी एक पूर्ण ओळ खोडायला लावली आणि तिच्या जागी पावसाचं मागणं घालायला सांगितलं. ते घातलं आहे.

काही वाचक विचारतील की मग ‘ता’ कुठे गेलं? ते प्रत्येक प्रार्थनेत आहे, शेवटी, आईच्या अक्षराइतकंच बारीक. ‘यांना तुझी ओळख व्हावी’ असं मी लिहिलं आहे, आणि त्या आजोबांनी ते ऐकून मान हलवली. मात्र ते कधी व्हावं, कसं व्हावं, व्हावंच का, याची अट मी देवाला घातलेली नाही. संत मोनिकाने मुलगा ऑगस्टीनसाठी कितीतरी वर्षं अश्रू ढाळले. ३८७ सालच्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी ती गेली. ही गोष्ट उत्तर मिळालेल्या प्रार्थनेची म्हणून सांगतात. पण आईच्या वहीत अशा अनेक ओळी आहेत, ज्यांच्यापुढे खूण कधीच पडली नाही. ती माणसं आपापल्या धर्मात जगली आणि गेली, आणि आईने त्यांच्या अंत्ययात्रेला जाऊन त्यांच्या घरच्यांसाठी पुढची ओळ लिहिली. त्यांचं काय झालं असेल, या प्रश्नावर ईश्वरविज्ञानाची पुष्कळ पुस्तकं आहेत. मी तो प्रश्न देवाच्या दयेवर सोडते आणि पुढच्या नावाकडे जाते.

प्रार्थनेची एक मोठी चळवळ भारतातूनच जगात गेली, हे अनेकांना माहीत नसतं. १८५८ साली लुधियानाच्या मिशनऱ्यांनी जगभरच्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केलं की जानेवारी १८६० मध्ये एक आठवडा सगळ्यांनी मिळून जगासाठी प्रार्थना करावी. तो प्रघात पुढे देशोदेशी पसरला. आमच्या मंडळ्यांत मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बाया एकत्र येऊन जागतिक प्रार्थना दिन पाळतात. तेव्हा लांबच्या कुठल्यातरी देशासाठी आम्ही भरभरून मागतो. ते चांगलंच आहे. पण बोलिव्हियासाठी मागणाऱ्या बाईला आपल्या गल्लीतल्या कोलाम मजुरणीचं नाव माहीत नसेल, तर तिने आधी त्या मजुरणीचं नाव विचारावं, असं मला वाटतं.

पुस्तक कसं वापरायचं ते सांगून थांबते. ते सलग वाचायचं नाही. एका दिवशी एकच प्रार्थना घ्या, एकाच माणसासाठी, आणि त्याआधी त्या माणसाला भेटा किंवा निदान फोन करा. त्याला काय हवं आहे ते त्यालाच विचारा. प्रार्थनेनंतर आपल्याला करता येण्यासारखं काही असेल, तर ते त्याच दिवशी करा. बाजार समितीत सोबत जाणं, रेशनच्या कार्यालयात अर्ज लिहून देणं, रात्री रिक्षा बोलावणं, हे सगळं त्यात येतं. छापील शब्द आवडले नाहीत तर खोडा.

शेवटची बारा पानं कोरी ठेवली आहेत. त्यांवर तुमच्या गल्लीतली नावं लिहा. पेन्सिलीने लिहिलंत तरी चालेल. पहिलं नाव मात्र मंडळीबाहेरचं असू द्या.